किल्ला मजबूत, पोत्यात मीठ

दौलताबादचा किल्ला ज्याने पाहिला नाही असा माणूस आमच्या भागात सापडणे कठीण. भोवती खोल खंदक, उभा तासलेला कडा, खिळे ठोकलेले दरवाजे आणि वर जाण्यासाठी ती एकच अंधारी. दिवसाउजेडी मशाल लावल्याशिवाय त्या अंधारीतून जाता येत नसे. पाहुणे तोफ पाहतात, चाँद मिनार पाहतात आणि म्हणतात, "हा किल्ला कोणी जिंकला तरी कसा?"

फिरिश्त्याने आपल्या इतिहासात याचे एक उत्तर दिले आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर अचानक चालून आला तेव्हा राजा रामदेवरायाचे सैन्य दूर गेले होते. राजा किल्ल्यात शिरला. घाईघाईत व्यापाऱ्यांची हजारो पोती वर नेण्यात आली. धान्य आहे, वेढा सोसता येईल, असा सर्वांचा भरवसा. पुढे पोती उघडली तेव्हा आत निघाले मीठ! कोकणातून आलेला व्यापाराचा माल. कडा फुटला नव्हता, दरवाजा तुटला नव्हता, तरी राजाला तह करावा लागला. या गोष्टीत खरे किती, ते इतिहासकारांनी ठरवावे. आम्हा व्यापाऱ्यांना मात्र त्यात एक पक्की शिकवण दिसते. भिंतीची उंची सर्वांनी मोजली, पोत्यात काय आहे हे कोणी पाहिले नाही.

देशाच्या आर्थिक सुरक्षिततेबद्दल सध्या जी चर्चा चालते, ती ऐकून आम्हाला ही गोष्ट वारंवार आठवते. एक पक्ष म्हणतो, दरवाजे बंद करा, आयात थांबवा, जकात वाढवा. दुसरा पक्ष म्हणतो, जग एक बाजार झाले आहे, दरवाजे काढूनच टाका. दोघांचे भांडण दरवाजावरून आहे. पोते उघडून पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

एकाच महिन्यातील दोन आदेश

ऑगस्ट २०२५ चा महिना कापड व्यापारातला माणूस सहसा विसरणार नाही. ७ ऑगस्टला अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा जकात लावली. २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, म्हणजे एकूण ५० टक्के. दुसऱ्या २५ टक्क्यांचे कारण काय, तर भारत रशियाकडून तेल विकत घेतो! तेल घेतले कोणी, जाळले कोणी आणि दंड बसला कोणाला? चादरी, टॉवेल, तयार कपडे शिवणाऱ्या कारखान्यांना आणि तिथे रोजंदारीवर बसणाऱ्या बायाबापड्यांना. आपल्या कापड निर्यातीच्या रुपयातले चार आण्यांहून अधिक एकट्या अमेरिकेकडून येत होते. नाक दाबले की तोंड उघडते, हे दाबणाऱ्याला ठाऊक होते. असे दर वाटाघाटीने खाली येतात, पुन्हा वरही जातात. दर बदलला तरी धडा बदलत नाही.

दुसरा आदेश आपल्याच सरकारचा होता. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पापासून परदेशी कापसावर सेस धरून ११ टक्के आयात शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. हेतू असा सांगितला गेला की गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा आणि अमेरिकेच्या माराने जखमी झालेल्या कापड उद्योगाला उभे राहता यावे. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. पण तारखा पाहा. मराठवाड्यातली पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापूस बाजारात येतो. नेमक्या त्याच महिन्यांत परदेशी कापसाला दार उघडे! घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे, अशी शेतकऱ्याची गत झाली.

आम्ही कोणत्या बाजूचे?

इथे आम्ही स्वतःचे हितसंबंध आधी सांगून टाकतो. आम्ही कापडाचे व्यापारी. कापूस स्वस्त झाला तर सूत स्वस्त, सूत स्वस्त झाले तर कापड स्वस्त, म्हणजे आमचा फायदा. हिशेबाच्या वहीत एवढीच ओळ लिहिली तर आम्ही शुल्कमाफीचे स्वागतच केले पाहिजे.

पण वहीचे दुसरे पानही असते. आमचे गिऱ्हाईक कोण? कन्नड, फुलंब्री, खुलताबाद, गंगापूर, सिल्लोड या तालुक्यांतला कपाशीवाला शेतकरी. त्याच्या घरात कापसाचा पैसा आला की तो बायकोला साडी घेतो, मुलांना कपडे घेतो, लग्नाचा बस्ता बांधतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने हमीभाव जाहीर केला तो मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. कागदावर भाव चांगला. खुल्या बाजारात मात्र बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी दराने कापूस विकावा लागला. सीसीआयच्या केंद्रावर नोंदणी, ओलाव्याची अट, गाड्यांची रांग! ज्याला उधारी फेडायची आहे तो रांगेत किती दिवस थांबणार? तो खेडा खरेदीवाल्याला माल देऊन मोकळा होतो. मग आमच्या गल्ल्यावर येऊन म्हणतो, "शेठ, साडी पुढच्या वर्षी."

तेव्हा स्वस्त कापसाने वाचलेला रुपया आमच्या एका खिशात आला आणि दुसऱ्या खिशातून गेला. दुकान चालते ते गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर, हे आमचे अब्बा आम्हाला शिकवून गेले. देशाचेही तसेच आहे.

मग शुल्क ठेवावेच का? तेही सरसकट नको. अतिलांब धाग्याचा बारीक कापूस आपल्याकडे पुरेसा पिकत नाही आणि उंची कापडाला तोच लागतो. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला, त्यात अशा कापसाचा वर्षाला ५१,००० टनांचा कोटा शुल्काशिवाय आणण्याची सोय केली. आम्हाला ही वाट शहाणपणाची वाटते. जे घरी पिकत नाही ते आणा, मापून आणा, आणि जे घरी पिकते त्याचे पीक बाजारात येण्याच्या वेळी दार लोटून घ्या.

याच्या उलट चूकही आपण केली आहे. २०२३ मध्ये व्हिस्कोस आणि पॉलिस्टरच्या धाग्यावर गुणवत्ता नियंत्रणाचे आदेश लागू झाले. नाव गुणवत्तेचे, परिणाम आयातबंदीचा. देशात हा माल बनवणारे मोजके मोठे घटक, ते सुरक्षित झाले. त्यांच्या खाली विणणारे, रंगवणारे, शिवणारे हजारो लहान घटक मात्र महाग धाग्याने बेजार झाले. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये ते आदेश मागे घ्यावे लागले. राष्ट्राची सुरक्षितता या नावाखाली कोणाची सुरक्षितता होते आहे, हे दर वेळी विचारले पाहिजे.

शेजाऱ्याशी धरलेली अढी

आमच्या पिढीने शाळेत फाळणी वाचली ती दंगलींची आणि काफिल्यांची. व्यापाराची फाळणी कोणी शिकवली नाही. १९४७ मध्ये चांगला कापूस आणि ताग पिकवणारा मोठा मुलूख पाकिस्तानात गेला, मुंबई-अहमदाबादच्या कापड गिरण्या आणि कलकत्त्याच्या ताग गिरण्या इकडे राहिल्या. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाची किंमत उतरवली. पाकिस्तानने आपली उतरवली नाही. शंभराला शंभर की शंभराला एकशे चव्वेचाळीस, या वादात दोघांचा व्यापार ठप्प झाला. १९५१ च्या करारापर्यंत ती अढी राहिली. तिकडे ताग विकला जाईना, इकडे गिरण्यांना ताग मिळेना.

पुढे भारताने आपला ताग वाढवला, पाकिस्तानने आपल्या गिरण्या उभ्या केल्या. दोघेही स्वतःच्या पायावर उभे राहिले, असे म्हणता येईल. त्याची किंमत मात्र दोन्हीकडच्या शेतकऱ्याने, विणकराने आणि लहान व्यापाऱ्याने भरली. हीच गोष्ट आपण पुन्हा पाहिली. २०२१ च्या मार्च अखेरीस पाकिस्तानच्या आर्थिक समितीने भारतातून कापूस आणि साखर आणण्यास मंजुरी दिली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मंत्रिमंडळाने ती फिरवली. त्यांच्या गिरण्यांना कापूस हवाच होता. राजकारणाने तो दूरवरून आणायला लावला.

देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आला तर व्यापार मागे राहील, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. रक्तापुढे नफा मोजणारा व्यापारी आमच्या बिरादरीत मान मिळवत नाही. पण प्रत्येक रुसवा हा संरक्षणाचा प्रश्न नसतो. बांगलादेशाचेच पाहा. २०११ पासून त्यांचे कपडे आपल्याकडे जवळजवळ बिनशुल्क येत होते आणि आपले सूत तिकडे जात होते. सत्ताबदलानंतर संबंध बिघडले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी खुष्कीच्या मार्गाने आपले सूत घेणे बंद केले, मे महिन्यात आपण त्यांच्या तयार कपड्यांना खुष्कीची नाकी बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही बंदरे ठेवली. आपल्या शिवणाऱ्यांना थोडा दिलासा मिळाला असेल. पण सूत कातणाऱ्यांचे एक मोठे गिऱ्हाईक अडचणीत आले, तेही आपलेच लोक.

चार दिशांना चार करार

व्यापार आणि सुरक्षितता यांची सांगड आम्हा मुसलमानांना नवी नाही. कुराणातील सूरह कुरैश लहानशी, लहान मुलांनाही पाठ असते. तिच्यात थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या तिजारती सफरींचा उल्लेख आहे आणि भुकेपासून व भयापासून मिळालेल्या सुटकेची आठवण आहे. पोट आणि अभय, दोन्ही एकाच ठिकाणी. त्या सूरहमधील 'इलाफ' या शब्दाचा एक अर्थ जाणकार असा सांगतात की वाटेतल्या टोळ्यांशी आणि दूरच्या सत्तांशी केलेले सुरक्षित प्रवासाचे करार. पैगंबर साहेबांचे पणजोबा हाशिम यांनी शामच्या बाजूचा करार केला आणि त्यांच्या तीन भावांनी यमन, हबशा आणि इराक-इराणच्या बाजूचे, असे परंपरा सांगते.

यातली खुबी पाहा. रूम आणि इराण हे त्या काळचे दोन कट्टर शत्रू. मक्केच्या व्यापाऱ्याने एकाशी दोस्ती करताना दुसऱ्याशी वैर पत्करले नाही. त्याच्याकडे फौज नव्हती, शेती नव्हती. चार दिशांना चार वाटा आणि शब्दाची पत, एवढेच भांडवल. एक वाट बंद पडली तर तीन चालू. आजच्या राज्यकर्त्यांनी याला मोठमोठी नावे दिली आहेत, मूळ गोष्ट तीच आहे.

या दृष्टीने मागील काही वर्षांतले करार आम्हाला योग्य दिशेचे वाटतात. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने पूर्वेकडील देशांच्या आरसेप करारातून अंग काढून घेतले, कारण त्यात चीनचा माल मागल्या दाराने भरून येण्याची भीती होती. पण हात बांधून बसलाही नाही. संयुक्त अरब अमिरातीशी करार १ मे २०२२ पासून अमलात आला. स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी चार देशांच्या गटाशी १ ऑक्टोबर २०२५ पासून. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. ब्रिटनमध्ये आपल्या कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत जकात बसत होती आणि बांगलादेशाच्या कपड्यांवर काहीच नाही. ती तफावत मिटवणे हे कोणत्याही भाषणापेक्षा मोठे काम आहे.

एकच वाट

किल्ल्याला एकच वाट असणे ही त्याची ताकद असते. दौलताबादची अंधारी हे त्याचे उदाहरण. बाजारपेठेला एकच वाट असणे हे मात्र तिचे मरण असते. आम्ही हे स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. काही वर्षे आम्ही मुंबईच्या एका निर्यातदार पेढीला हिमरूच्या शाली आणि चादरी पुरवत होतो. पैसा वेळेवर यायचा, मोठी ऑर्डर यायची. हळूहळू आम्ही लहान गिऱ्हाइके सोडली. त्यांच्या तीस-चाळीस शालींसाठी कोण डोकेफोड करणार? २००८ च्या मंदीत परदेशी मागणी थांबली, पेढीने हात वर केले. गोदामात माल, दारात विणकर आणि आमच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे पाहण्याची हिंमत नाही. पेढीचा दोष म्हणावा तर तिचीही वाट एकच होती. चूक आमची होती.

त्या शालींचा धागा कुठला, हेही सांगितले पाहिजे. हिमरू म्हणजे सुती ताणा आणि रेशमी बाणा. या शहराची ओळख म्हणून आपण तो मिरवतो. पण देशाला लागणाऱ्या कच्च्या रेशमातला एक भाग वर्षानुवर्षे चीनमधून येतो. आमच्याच माताभगिनींच्या बुरख्याचे 'निदा' कापड दुबईच्या बाजारातून येते, आणि दुबईत ते विणले जात नाही, पूर्वेकडच्या देशांतून तिथे पोहोचते. ज्याला आपण अगदी आपले म्हणतो त्याच्यातही दहा मुलुखांचा धागा असतो. तो तोडून टाका म्हणणाऱ्याने आधी विणकराला विचारावे.

कांद्याने केलेली बेअब्रू

परदेशी गिऱ्हाईक तोडायला परदेशी सरकारच लागते असे नाही. आपण स्वतःही ते करतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवली पण शुल्क ठेवले, अखेर १ एप्रिल २०२५ ला तेही गेले. लासूर, वैजापूर, लासलगावच्या शेतकऱ्याचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. दुबई, ढाका, कोलंबोच्या व्यापाऱ्याने काय केले हे कमी जणांनी पाहिले. त्याने दुसरीकडून कांदा मागवला. त्याला कांदा हवा होता, आपल्या अडचणींची कैफियत नको होती.

मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून याच दौलताबादेत आणली आणि पुढे दोन-तीन वर्षांत चांदीच्या टंक्याच्या जागी पितळ-तांब्याचे नाणे चालवले. घरोघर खोटी नाणी पडू लागली, शेवटी खजिन्याला ती परत घेऊन चांदी द्यावी लागली. सुलतान मूर्ख नव्हता, विद्वान होता. पण हुकूम रात्रीतून निघतो आणि भरवसा रात्रीतून तयार होत नाही, हे तो विसरला. ज्या देशाचे आदेश महिन्याला बदलतात, त्याच्याशी पाच वर्षांचा सौदा कोण करील?

स्वदेशीवर कोणाचा हक्क?

आता थोडे कटू बोलतो. स्वदेशीचा पुकारा पुन्हा जोरात आहे. तो आम्हाला परका नाही. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे परदेशी कापडाची मोठी होळी पेटली, ती गिरणीमालक उमर सोबानी यांच्या आवारात. हसरत मोहानींनी स्वदेशी मालाचे दुकान थाटले आणि त्यासाठी खस्ता खाल्ल्या. आमच्या उर्दू शाळेत त्यांचे नाव अदबीने घेतले जाई.

पण आज काही ठिकाणी स्वदेशीच्या हाकेला जोडूनच दुसरी हाक ऐकू येते, अमक्या धर्माच्या दुकानदाराकडून घेऊ नका. परदेशी माल दूर ठेवायचा की शेजारचा विणकर दूर ठेवायचा? मालेगाव-भिवंडीच्या मागावर विणणारा हात बहुधा मोमीनाचा असतो, त्याला लागणारा कापूस मराठ्याच्या किंवा वंजाऱ्याच्या शेतात पिकतो, सूत मारवाड्याच्या पेढीवरून येते आणि कापड सिंधी व्यापारी विकतो. या साखळीतली एक कडी काढा, चारही घरांची चूल विझेल. बाहेरच्या जकातीने जे नुकसान होते ते बाहेरून येते. हे नुकसान आपण आपल्या हाताने करतो. किल्ल्यातले लोकच एकमेकांची पोती फोडू लागले तर खिळ्यांचे दरवाजे काय कामाचे?

आमचे म्हणणे

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली, ज्या वस्तूंवाचून देश चार महिने तगणार नाही, म्हणजे अन्न, औषधाचा कच्चा माल, इंधन, बियाणे, त्यांची यादी ठरवावी आणि तिथे खर्च सोसूनही घरची तयारी ठेवावी. साठच्या दशकात अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली होती आणि १९९१ मध्ये देशाचे सोने परदेशी गहाण टाकावे लागले, हे विसरून चालणार नाही. दुसरी, त्या यादीबाहेर दार उघडे ठेवावे, पण पिकाच्या हंगामाचे भान ठेवून. कापसाचे शुल्क उठवायचेच असेल तर त्याच दिवसापासून हमीभावाची खरेदी गावाजवळ सुरू असावी. तिसरी, आयात-निर्यातीचे नियम निदान एका हंगामापुरते तरी स्थिर असावेत. चौथी आमच्याच लोकांसाठी. एका गिऱ्हाइकावर, एका देशावर दुकान चालवू नका. नव्या करारांत काय मिळते ते व्यापारी मंडळांनी मराठीत, उर्दूत समजावून सांगावे. नाहीतर करार मोठ्यांच्या कामाला येतात आणि लहानांना त्यांची बातमीच मिळते.

हजरत युसूफ यांची गोष्ट आपण सर्व जाणतो. सुकाळाची सात वर्षे त्यांनी मिसरमध्ये धान्य कणसातच राखून ठेवले. दुष्काळ आला तेव्हा मिसर तगला. पण त्यांनी वेशीचे दार लावून घेतले नाही. कनानहून त्यांचे भाऊ आले, ज्यांनी त्यांना विहिरीत टाकले होते ते. त्यांनाही मापून धान्य मिळाले. आधी कोठार भरले, म्हणून दार उघडे ठेवणे परवडले.

आमच्या दुकानात गाठोडे आले की आम्ही पावती सही करण्याआधी एक टोक उसवून आतला माल पाहतो. हमाल घाई करतो, गाडीवाला ओरडतो, तरी पाहतो. सरकारने आणि आपण सर्वांनी एवढेच करावे. किल्ल्याच्या उंचीची तारीफ नंतर करता येईल.